जांभळा कोपरा

नवा मॉनिटर घरात आला की मी त्याच्यासमोर पेन्सिल धरून जोरजोरात हलवते. माझा मुलगा डोक्याला हात लावतो. "आई, ही टेस्ट तुझ्या त्या जुन्या डब्यांची. याला नाही लागत." मला ते ठाऊक आहे. तरी मी हलवते, मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून पडद्याकडे बघते आणि स्वतःलाच विचारते, "दिसलं, की दिसल्यासारखं वाटलं?" हा प्रश्न माझा नाही आणि पेन्सिल हलवायची खोडही माझी नाही. दोन्ही गोष्टी सबनीस साहेबांकडून आलेल्या.

सबनीस साहेब ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीत चेकर होते. ड्रॉइंग ऑफिसात आम्ही मशीनच्या भागांची चित्रं काढायचो, आणि ती वर्कशॉपात जाण्याआधी त्यातल्या चुका पकडणं हे त्यांचं काम. ऐंशीच्या दशकात मी तिथे ट्रेसर, म्हणजे मूळ चित्र पारदर्शक कागदावर गिरवणारी, म्हणून लागले. पहिलंच ट्रेसिंग त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, तर त्यांनी एक डोळा मिटून ते न्याहाळलं आणि एका भोकाभोवती लाल पेन्सिलने वर्तुळ काढलं.

"राणेबाई, हे भोक इथे आहे?"

"हो. मूळ चित्रात तसंच दिसतंय."

"दिसलं, की दिसल्यासारखं वाटलं?"

मी जाऊन पुन्हा पाहिलं. दिसल्यासारखं वाटलं होतं.

माणूस उंच, काटकुळा. खिशात कायम लाल पेन्सिल, टोकाला जुन्या पेनाचं टोपण. सगळ्यांना आडनावाने आणि अहो-जाहो करून हाक मारायचे, मग तो मॅनेजर असो की चहा आणणारा गडी. देवाधर्माच्या भानगडीत नसत. ऑफिसच्या सत्यनारायणाला प्रसाद तेवढा घ्यायचे, हात पुसायचे आणि पुन्हा टेबलाशी. चूक पकडल्यावर त्यांना आनंद झालेला मात्र मी कधी पाहिला नाही. उलट चेहरा असा व्हायचा, की चूक त्यांनीच केलीय.

माझ्या लग्नाची पत्रिका त्यांना दिली, तर दुसऱ्या दिवशी ती लाल वर्तुळासकट परत आली. छापणाऱ्याने माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या नावाआधी 'कै.' लावलं होतं आणि सासरे चांगले धडधाकट होते. दोन्ही घरांतल्या झाडून सगळ्यांनी ती पत्रिका वाचली होती.

वाकडं काही त्यांना बघवायचं नाही. कुणाच्याही घरी गेले की आधी कॅलेंडर सरळ करणार, मग बसणार. आमचे हेडक्लार्क गेले तेव्हा आम्ही सगळे त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो, आणि फोटो एका बाजूला जरासा कललेला. सबनीसांचा हात गुडघ्यावर चुळबुळ करत होता. मी मनात म्हटलं, आज तरी नको हो. शेवटी ते उठलेच. लोकांना वाटलं नमस्काराला उठले. त्यांनी फोटो सरळ केला, दोन पावलं मागे येऊन एक डोळा मिटून पाहिलं, पुन्हा पुढे जाऊन किंचित सरकवला आणि मग हात जोडले. आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. हेडक्लार्कांची बायको मात्र म्हणाली, "बरं केलंत. ह्यांनाही वाकडं चालायचं नाही." त्या दिवशी त्या घरात तेवढंच एक धड बोललं गेलं.

ते डोंबिवलीला पूर्वेला राहायचे आणि आम्ही ठाकुर्लीच्या अंगाला, त्यामुळे जाणं-येणं होतं. त्यांची बायको, सुधाताई, त्यांच्या अगदी उलट. गोल चेहऱ्याची, खदखदून हसणारी, पदराला कायम बोरिक पावडर लागलेली. ही पावडर कॅरमची. कॉलनीच्या गणपतीत बायकांच्या स्पर्धेचं कॅरमचं बक्षीस दुसऱ्या कुणाला मिळालं तर लोक विचारायचे, सुधाताई आजारी होत्या का?

मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी चहा झाला की दोघं बोर्ड मांडून बसायचे, लग्न झाल्यापासून. भांडण झालं असलं तरी बोर्ड लागायचाच. बोलणं बंद, खेळ चालू. राणी गेली की कुणीतरी एक जण हसायचा आणि भांडण मिटायचं. सबनीस मोजून मारायचे, कोन डोळ्यांनी मापून, श्वास रोखून. सुधाताई तिसरीकडेच बघत, कुकरच्या शिट्ट्या मोजत, स्ट्रायकर बोर्डाच्या समोरच्या कडेवर आपटून रिबाउंडने मागच्या मागे सोंगटी घ्यायच्या. "इतकी वर्षं हरतोय, राणेबाई," ते मला म्हणाले होते, "पण हिची चूक काही सापडत नाही." हे सांगताना ते जितके खूश दिसले तितके ऑफिसात कधी दिसले नाहीत.

मग साखर सुधाताईंच्या डोळ्यांत उतरली. आधी त्यांनी पावडरला दोष दिला, जास्त पडलीय म्हणून. मग ट्यूबलाइटला. सबनीसांनी ट्यूब बदलली. मग सोंगट्यांचा रंग उडालाय म्हणाल्या, तर ते नव्या सोंगट्या घेऊन आले. शेवटी एका संध्याकाळी त्या "नको आज, कंटाळा आला" म्हणाल्या आणि बोर्ड कपाटामागे गेला तो गेलाच. ठाण्याच्या डॉक्टरांनी लेझर केलं आणि सांगितलं, आहे तेवढी नजर टिकली तर टिकेल. मात्र कुठे डाग दिसायला लागला, पडदा आल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी या.

"घरात आता टीव्हीच बोलतो," सबनीस मला म्हणाले.

नव्वदच्या दशकात आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि ड्रॉइंग बोर्ड भंगारात गेले. सबनीसांना ते रुचलं नाही. "यात रेघ काढत नाहीत, मागवतात," असं त्यांचं म्हणणं. पण पडदा दिसल्यावर त्यांच्यातला चेकर जागा झाला. इलेक्ट्रिशियनने सगळे मॉनिटर खिडकीसमोर लावून ठेवले होते आणि आम्ही दिवसभर त्यात स्वतःचीच तोंडं बघत होतो. सबनीसांनी टेबलं फिरवायला लावली. मॉनिटरखाली टेलिफोन डिरेक्टरी घातली, नजर जराशी खाली उतरेल इतकी उंची ठेवली. हात लांब केला की बोटं काचेला टेकतील इतक्या अंतरावर प्रत्येकाची खुर्ची. मग खालची बटणं. "आधी ब्राइटनेस, मग कॉन्ट्रास्ट. काळा तो काळा दिसला पाहिजे, राखाडी नाही." आणि शेवटी पेन्सिल. पडद्यासमोर ती हलवली की एका पेन्सिलीच्या अनेक पेन्सिली दिसायच्या. "पडदा लुकलुकतोय. समोरून बघितलं तर कळत नाही, तिरकं बघा. यानेच तुमचं डोकं दुखतं." मग मी कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये शिरून लुकलुकणं कमी होईल असा आकडा निवडायची आणि ते पेन्सिल हलवत राहायचे. आमची डोकी खरंच दुखायची थांबली.

दुपारच्या सुट्टीत पोरं त्याच मशीनवर गेम खेळायची. काळ्या पडद्यावर पांढऱ्या विटांची रांग, खाली एक पट्टी, आणि मध्ये उड्या मारणारा चेंडू. पट्टी डावी-उजवी सरकवून चेंडू वर मारायचा आणि विटा फोडायच्या. एकदा सबनीस डबा हातात घेऊन मागून चालले होते. चेंडू बाजूच्या भिंतीला लागून तिरका वर गेला, तसे ते थांबले.

"हा तर रिबाउंड आहे," ते म्हणाले.

सुट्टी संपेपर्यंत ते तिथेच उभे होते. डबा तसाच घरी गेला.

पुढच्या शनिवारी अर्ध्या दिवसानंतर ते सुधाताईंना ऑफिसात घेऊन आले. त्यांनी नाक जवळजवळ काचेला लावलं, थोडा वेळ नुसतं पाहिलं. "पांढरं काहीतरी पळतंय."

"तेच. तो चेंडू."

पहिले काही डाव फुकट गेले. मग चेंडू भिंतीवर आपटायच्या आधीच त्यांची पट्टी पलीकडच्या टोकाला जाऊन थांबायला लागली. चेंडू कुठे येणार ते त्यांना बघावं लागत नव्हतं, ठाऊक होतं. वरची अख्खी रांग उडाली, तेव्हा त्या खदखदून हसल्या. मी सबनीसांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

कंपनीने जुनी मशीनं कामगारांना विकायला काढली, त्यातलं एक त्यांनी घेतलं. त्याबरोबरचा मॉनिटर मात्र घेतला नाही. तो मंद झाला होता, चेंडूच्या मागे राखाडी शेपूट दिसायचं. औषधपाण्यामुळे हात आखडता घ्यावा लागत होता, नवा मोठा मॉनिटर परवडणारा नव्हता. कुणीतरी विठ्ठलवाडी स्टेशनजवळचं एक दुकान सांगितलं. तिथे नवा आणि वापरलेला, दोन्ही माल मिळायचा. मला कॉम्प्युटरमधलं जरा कळतं म्हणून ते मला बरोबर घेऊन गेले.

"गेमसाठी ना? बच्चा कितने साल का है, अंकल?" दुकानदाराने विचारलं.

"पंचावन्नचा," सबनीस म्हणाले आणि त्यांनी खिशातून एक चष्मा काढला.

चष्मा त्यांचा जुनाच, पण दोन्ही काचांवर थिजलेलं खोबरेल फासलेलं. तो त्यांनी नाकावर चढवला आणि पहिल्या मॉनिटरसमोर वाकून उभे राहिले. दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मलाही काही कळेना.

"हे काय, साहेब?"

"सुधाचे डोळे," ते सहज म्हणाले. "आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या मोठ्या तारखा तिला दिसतात, खालची बारीक तिथी दिसत नाही. मलाही तेवढंच दिसेल इतकं तेल लावत गेलो. अजून थोडा फरक आहे, पण जवळपास आहे."

मी तो चष्मा मागून घेतला आणि घातला. दुकानातल्या ट्यूबचा एक गोळा झाला. मी चष्मा लगेच काढून त्यांच्या हातात दिला. ते मात्र पुन्हा घालून एकेका पडद्यासमोर वाकत राहिले. मी गेम लावून द्यायची, ते म्हणायचे, "दिसतो," "नाही दिसत," "आता हरवला."

दुकानदाराचा भर एका नव्याकोऱ्या छोट्या मॉनिटरवर होता. त्यावर त्याने पोपटाचं चित्र लावलं होतं. "कलर देखो, अंकल. हा मोठावाला कुठल्या तरी प्रेसमधून आलाय, बॉडी पिवळी पडलीय. घरी लोक हसतील तुम्हाला."

"पोपट नकोय. मला चेंडू हवाय."

पिवळ्या पडलेल्या मोठ्या डब्यावर काळा खरोखर काळा होता. मी चित्राचे ठिपके कमी केले, म्हणजे सगळं आकाराने मोठं झालं आणि लुकलुकणंही थांबलं. सबनीसांनी चष्मा न काढताच पेन्सिल हलवून पाहिली. मग एक डोळा मिटून चेंडू बघत राहिले. "हा बांधा," ते म्हणाले. चष्मा काढल्यावर नाकावर तेलाचे दोन डाग राहिले होते आणि भाव करताना दुकानदार त्यांच्याकडेच बघत होता. त्याने बराच कमी केला.

सुधाताईंच्या संध्याकाळी परत आल्या. चहा झाला की दोघं टेबलाशी. एक डाव त्यांचा, एक ह्यांचा. सबनीस मोजून पट्टी सरकवायचे आणि हरायचे, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन मला हरलेला आकडा सांगायचे.

मग त्यांनी आकडा सांगायचं बंद केलं.

मी एका रविवारी दुपारी नव्या गेमची फ्लॉपी घेऊन गेले, तर मॉनिटरवर जुन्या साडीचा तुकडा घातलेला. त्यावर एक छोटा गणपती. "खेळत नाही का हल्ली?" मी विचारलं.

"कंटाळा आला," सुधाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

हा कंटाळा माझ्या ओळखीचा होता. सबनीस पेपरात डोकं घालून बसले होते. वर बघेनात. मी आपलं उगाच, फ्लॉपी तरी चालते का बघू म्हणून साडीचा पडदा बाजूला केला, गणपती होता तिथेच पुन्हा ठेवला आणि मशीन चालू केलं. विटांची रांग आली आणि मी बोलून गेले, "हा कोपरा जांभळा का दिसतोय?"

पेपरचा आवाज थांबला. सुधाताई कणकेचे हात घेऊन दारात आल्या.

"काय म्हणालीस?"

"हा कोपरा. वरचा, उजवीकडचा. विटा पांढऱ्या हव्यात ना? इथल्या जांभळ्या दिसतायत, कडेला हिरवट."

"तुला दिसतोय?"

"हो म्हणजे काय. चांगला मोठा आहे."

"सुधा," सबनीस उठून उभे राहिले, "तुला दिसत होता तो?"

सुधाताई तिथेच दाराशी खाली बसल्या. कणकेचे हात तसेच वर धरलेले. "मला वाटलं, माझ्या डोळ्यात आहे," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले होते ना डाग दिसेल म्हणून. मी म्हटलं, आला. तुम्ही एवढं शोधून आणलंत, तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगू."

"अगं, मी रोज बघतोय तो. मला वाटलं, खराब माल गळ्यात मारला त्याने. तू इतकी खूश होतीस, म्हणून बोललो नाही."

म्हणजे रोज संध्याकाळी दोघं त्या डागासमोर शेजारी शेजारी बसत होती, एकमेकांपासून तो लपवत होती, आणि शेवटी दोघांनाही एकदमच कंटाळा आला होता. सुधाताई रडायला लागल्या आणि रडता रडताच म्हणाल्या, "दिसलं की दिसल्यासारखं वाटलं, हे अख्ख्या ऑफिसला विचारता. मला विचारलंत का एकदा तरी?"

सबनीसांना मी आयुष्यात इतकं ओशाळलेलं पाहिलं नाही.

काहीतरी करायला हवं म्हणून मी मॉनिटर पुसायला घेतला. गणपती उचलला, तर डाग हलला. खाली नेला, डाग मोठा झाला. लांब नेला, डाग आक्रसला. मी मूर्ती उलटी करून पाहिली. बुडाला चकतीएवढं लोहचुंबक. अशा मॉनिटरजवळ लोहचुंबक आलं की रंग बिघडतात, म्हणून ऑफिसात आम्ही स्पीकरसुद्धा लांब ठेवायचो.

"हा कुणी ठेवला इथे?"

सुधाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "मी नाही बाई. मला वाटलं, तुम्ही ठेवलात पूजेचा म्हणून."

"स्कूटरवरचा आहे," सबनीस हळूच म्हणाले. "स्कूटर विकली तेव्हा काढून घेतला होता. म्हटलं, असू दे इथे. तिच्या डोळ्यांना..." सत्यनारायणाचा प्रसाद हात पुसून खाणारा हा माणूस. सुधाताईंचं रडणं तिथेच थांबलं आणि त्या हसायला लागल्या, अगदी पूर्वीसारख्या.

मॉनिटर बंद करून गार होऊ दिला आणि पुन्हा चालू केला. असं दोन-तीनदा केल्यावर कोपरा पांढरा झाला. गणपतीला फ्रिजच्या दारावर जागा मिळाली, तिथे तो नीट चिकटला. मग सबनीसांनी नियम केला. खेळायला बसण्याआधी जे दिसेल ते दोघांनी सांगायचं, आणि दिसत नसेल तर तेही. मी जायला निघाले तेव्हा त्यांचं सुरूच झालं होतं. "चेंडू दिसतो." "मलाही." "चौथी वीट जरा पुसट." "ती मला ठीक दिसते, मग ती तुझ्या डोळ्यात. डॉक्टरांना सांगू." नवरा-बायको असं बोलताना मी पुन्हा कुठे ऐकलं नाही.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही डोंबिवली सोडायचं ठरलं. सबनीस निवृत्त झाले होते. सुधाताईंची नजर पुरती गेल्याचं मला कळलं होतं, पण जायला धीर होत नव्हता. जाऊन बोलायचं काय? शेवटी निघायच्या आधी एका संध्याकाळी गेले.

दार उघडंच होतं. फ्रिजवरचा गणपती एका बाजूला कलला होता. सबनीसांच्या घरात काही वाकडं असलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. सुधाताई खुर्चीत बसल्या होत्या, कीबोर्ड मांडीवर, मान जराशी वर, डोळे समोरच्या भिंतीकडे. पिवळ्या पडलेल्या मॉनिटरचं तोंड आता सबनीसांकडे वळवलेलं. ते पुढे वाकून, एक डोळा मिटून बसले होते. मी आलेलं दोघांनाही कळलं नाही.

"उजवीकडून वर जातोय. भिंतीला लागणार."

"लागू दे. लागला की सांगा."

"लागला."

सुधाताईंची बोटं लगेच हलली. "इथे?"

"अजून डावीकडे. अजून. बस."

सुधाताईंची बोटं थांबली.

"घेतला?" त्यांनी विचारलं.

सबनीसांनी पडद्याकडे नीट पाहिलं. "नाही. हुकला. बोटभर."

"बोटभर म्हणजे तुमचं बोट, की माझं?"

"तुझं."

"मग जमेल," सुधाताई म्हणाल्या. "परत लावा."